पीक विमाविषयक संशोधनाची वाटचाल : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मराठवाड्यातील शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून आहे. परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव परिसरात सोयाबीन उत्पादकाला उत्पादन घटीची विमा भरपाई मिळेल की नाही, हे त्याच्या एकट्याच्या नुकसानीवरून नव्हे, तर महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावरून ठरते. या तत्त्वामागील संशोधनाचा आढावा येथे घेतला आहे.

आरंभीचा कालखंड :
जे. एस. चक्रवर्ती यांनी म्हैसूर संस्थानाच्या संदर्भात १९२० मध्ये कृषी विम्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. नुकसानीऐवजी पर्जन्यमान हा भरपाईचा आधार असावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्वातंत्र्यानंतर विम्याचा घटक वैयक्तिक शेत असावा की क्षेत्र, हा प्रश्न पुढे आला. मात्र धरम नारायण समितीने १९७० च्या सुमारास पीक विम्यास प्रतिकूल मत दिले.

क्षेत्र घटकाचा स्वीकार :
१९७२ पासून गुजरातमध्ये एच-४ कापसासाठी वैयक्तिक तत्त्वावर विमा सुरू झाला. १९७८-७९ पर्यंत चाललेल्या या प्रयोगांत ४.५४ लाख रुपये हप्त्यापोटी ३७.८८ लाख रुपये भरपाई द्यावी लागली. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये क्षेत्र घटकाचा पुरस्कार केला. १९७९ ची पथदर्शी योजना व १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना याच तत्त्वावर उभी राहिली.

नंतरचे प्रवाह :
१९९९ च्या राष्ट्रीय कृषी विमा योजनेनंतर हप्ता व भरपाईचे गुणोत्तर, तसेच कर्जदार शेतकऱ्यांचे प्रमाण हे अभ्यासविषय झाले. २००७ च्या हवामानाधारित योजनेमुळे हवामान केंद्र व शेत यांतील अंतराचा प्रश्न पुढे आला. २०१६ च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेपासून उपग्रहाधारित उत्पादन अंदाजाकडे लक्ष वळले.

निष्कर्ष :
क्षेत्र घटकाने विमा व्यवहार्य केला, हे मान्य करावे लागेल. परंतु मंडळाची सरासरी समाधानकारक असताना ज्याचे पीक बुडाले, त्याचे नुकसान भरपाईच्या आकडेवारीत येतच नाही. म्हणून केवळ त्या आकडेवारीवर आधारलेले संशोधन योजनेचे यश मोजू शकते, तिची उणीव नव्हे. महाराष्ट्राने खरीप २०२५ मध्ये भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगांशी जोडल्याने हा प्रश्न अधिक तीव्र झाला. एकाच मंडळातील निरनिराळ्या शेतांचे उत्पादन वर्षानुवर्षे नोंदविणे हे ग्रामीण महाविद्यालयांना सहज शक्य असलेले संशोधन आहे. त्याची आज नितांत आवश्यकता आहे.