ब्रेकमन गवई जिमी रॉजर्स



अमेरिकेच्या दक्षिण भागांतील शेतकरी व कष्टकरी यांच्या लोकगीतांतून जें संगीत वाढलें, त्यास तेथें ‘कंट्री’ संगीत म्हणतात. त्याचा पहिला मोठा गवई जिमी रॉजर्स कसा उदयास आला, तें आज पाहूं.

१८९७ सालीं मिसिसिपी संस्थानांत मेरिडियन गांवाजवळ त्याचा जन्म झाला. आई लहानपणींच वारली. वडील रेल्वेमार्गावरील टोळीचे मुकादम होते. पोरवयांतच जिमी मजुरांना पाणी देण्याच्या कामास लागला. कृष्णवर्णीय मजूर रूळ बसवितांना जीं गाणीं म्हणत, तीं त्याच्या कानांत ठसलीं. हीच त्याची गायनशाळा! पुढें तो आगगाडीवर ब्रेकमन झाला. परंतु १९२४ सालीं क्षयानें गांठलें आणि तें कष्टाचें काम झेपेनासें झालें. घरीं पत्नी व लहान मुलगी. उपजीविकेसाठीं तो गाण्याकडे वळला.

जुलै १९२७ मध्यें व्हिक्टर कंपनीसाठीं रॅल्फ पीअर हे टेनेसींतील ब्रिस्टल गांवीं गवयांच्या शोधांत आले. जिमी साथीदारांसह तेथें पोंचला. पण तबकडीवर नांव कोणाचें घालावें यावरून ऐन वेळीं तंटा झाला व साथीदार वेगळे झाले. ४ ऑगस्टला एकट्यानेंच गिटारवर दोन गाणीं म्हणून त्यानें १०० डॉलर मिळविले.

पुष्कळ जण येथेंच त्याचा भाग्योदय मानतात. मला तसें वाटत नाहीं. त्या तबकडीचा खप बेताचाच झाला. नोव्हेंबरांत जिमी बोलावण्याची वाट न पाहतां आपण होऊन न्यूयॉर्कला गेला व पीअर यांस गांठलें. ३० नोव्हेंबरला कॅम्डेन येथें ‘ब्लू योडल’ हें गाणें मुद्रित झालें. त्यांत मजुरांच्या गाण्याचा ढंग होता आणि मधूनमधून आवाज एकाएकीं टिपेस नेऊन परत उतरविण्याची ‘योडल’ ही तऱ्हा होती. या तबकडीच्या लक्षावधि प्रती खपल्या. खरा उदय तो हा.

त्याचीं गाणीं आगगाडीचीं, घराच्या ओढीचीं, दारिद्र्याचीं. अनेक गाणीं रचण्यास मेहुणी एल्सी मॅक्विल्यम्स हिचें साह्य झालें. १९३१ सालीं त्यानें स्वतःच्या क्षयावरहि गाणें मुद्रित केलें. मे १९३३ मध्यें न्यूयॉर्कला, दोन गाण्यांमध्यें खाटेवर विसावा घेत, त्यानें शेवटचें ध्वनिमुद्रण पुरें केलें. त्यानंतर दोनच दिवसांनीं, २६ मे रोजीं, वयाच्या ३५ व्या वर्षीं तो वारला. १९६१ सालीं कंट्री संगीताच्या कीर्तिमंदिरांत ज्या पहिल्या तिघांची निवड झाली, त्यांत त्याचें नांव होतें.

ब्रिस्टलच्या संधीनें त्याला दार दाखविलें; तें ठोठावण्यास मात्र त्यालाच जावें लागलें.