कारागृहातील भेट आणि बंदिवानाचा ठावठिकाणा : खानदेशच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
खानदेशच्या स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात धुळे कारागृहाचे स्थान विशेष आहे. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक याप्रमाणे आचार्य विनोबा भावे यांनी येथे गीतेवर अठरा प्रवचने दिली. सहबंदी असलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली आणि त्यातून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ सिद्ध झाला. त्यामुळे या कारागृहाचे स्मरण प्रामुख्याने भिंतीच्या आतील वाङ्मयनिर्मितीसाठी केले जाते. त्याच भिंतीच्या बाहेर, दरवाजापाशी, आपल्या माणसाच्या शोधात आलेल्या नातेवाइकांचा इतिहास मात्र फारसा लिहिला गेलेला नाही. बंदिवानास भेटण्याचा हक्क कायद्याने हळूहळू मान्य केला. परंतु तो कोठे आहे हे समजण्याचा हक्क त्याहूनही उशिरा मान्य झाला, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

वसाहतकालीन कायद्याचे स्वरूप :
१८९४च्या कारागृह अधिनियमातील कलम ४० अन्वये दिवाणी बंदी व खटला चालू असलेले बंदी यांना योग्य वेळी व योग्य निर्बंधांसह भेटीची तरतूद करण्यात आली. कलम ४१ने भेटीस येणाऱ्याचे नाव व पत्ता विचारण्याचा आणि संशय असल्यास त्याची झडती घेण्याचा अधिकार जेलरला दिला. सिद्धदोष बंद्यांच्या भेटी या कलमात येत नव्हत्या. त्या प्रांतिक नियमांवर सोपविल्या गेल्या. म्हणजे भेट ही प्रशासनाने दिलेली सवलत होती.

ठावठिकाण्याबाबत स्थिती अधिक बोलकी होती. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ६२नुसार वॉरंटाविना झालेल्या अटकांची माहिती ठाणे अंमलदाराने जिल्हा दंडाधिकाऱ्यास कळविणे आवश्यक होते. ती माहिती घरी कळविण्याचे बंधन संहितेत नव्हते. अटकेची वार्ता वरच्या कचेरीत पोहोचे; घरच्यांना ती कर्णोपकर्णी कळे. त्यातच १९००च्या बंदी अधिनियमातील कलम २९ने बंद्यास एका कारागृहातून दुसऱ्या कारागृहात हलविण्याचा अधिकार सरकारला दिला. त्यात कुटुंबाच्या सोयीचा विचार नव्हता.

स्थलांतर आणि अंतर :
स्थलांतराचा हा अधिकार राजकीय बंद्यांच्या बाबतीत शिक्षेइतकाच परिणामकारक ठरला. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळात मंडालेस होते. १९१२मध्ये त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात निवर्तल्या. ते वृत्त टिळकांना तारेने समजले.

खानदेशातील उदाहरण साने गुरुजींचे आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधील शिक्षकाची नोकरी सोडून ते १९३०च्या सविनय कायदेभंगात सहभागी झाले. त्यांना प्रथम धुळे येथे ठेवण्यात आले व नंतर तिरुचिरापल्लीच्या कारागृहात हलविण्यात आले. आई १९१७मध्येच वारलेल्या या शिक्षकाचे कुटुंब म्हणजे अमळनेरच्या छात्रालयातील मुले. धुळे त्यांच्या आवाक्यात होते. तिरुचिरापल्ली हजार किलोमीटरहून अधिक दूर होते आणि तेथील भाषाही निराळी होती. तेथे गुरुजींनी 'कुरल'चा मराठी अनुवाद केला आणि आंतरभारतीच्या कल्पनेचे बीजही तेथेच रुजले. परंतु स्थलांतराचे मोल केवळ या फळावरून करता येत नाही. एका बाजूस वाङ्मय वाढले, तर दुसऱ्या बाजूस भेट संपली.

१९३०पासून बंद्यांची अ, ब व क अशी श्रेणीवारी लागू झाली. अन्न व वस्त्रांप्रमाणेच पत्रे आणि भेटीही श्रेणीवर अवलंबून राहिल्या. श्रेणी ठरविताना बंद्याचे सामाजिक स्थान, शिक्षण व राहणीमान पाहिले जाई. परिणामी ज्याच्या घरी पत्र वाचणारा कोणी नाही अशा शेतमजुराच्या वाट्यास पत्रेही कमी आणि भेटीही कमी आल्या.

स्वातंत्र्योत्तर न्यायनिर्णय :
संविधानाच्या अनुच्छेद २२ने अटकेची कारणे जाणण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाण्याचा हक्क दिला. नातेवाइकांना कळविण्याचा उल्लेख त्यात नाही. आणीबाणीच्या काळात तर २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने स्थानबद्धांना दाद मागण्याचा मार्ग बंद केला.

त्यानंतर दिशा बदलली. सुनील बात्रा खटल्याच्या डिसेंबर १९७९मधील निर्णयात कुटुंबीयांच्या भेटींबाबत उदार धोरणाचा पुरस्कार झाला. जानेवारी १९८१मध्ये फ्रान्सिस कोरली मुलिन खटल्यात, खटला चालू असलेल्या बंद्यास आठवड्यातून दोन आणि स्थानबद्धास महिन्यातून एकच भेट हा भेद न्यायालयाने रद्द ठरविला. कुटुंबीयांची व वकिलाची भेट हा अनुच्छेद २१मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला गेला. सवलतीचे रूपांतर हक्कात झाले.

तरीही पहिला प्रश्न शिल्लक होता. गाझियाबादच्या एका तरुण वकिलास जानेवारी १९९४मध्ये पोलिसांनी बोलावून ठेवून घेतले आणि त्याचे नातेवाईक त्याचा पत्ता विचारीत राहिले. या जोगिंदर कुमार खटल्यात २५ एप्रिल १९९४ रोजी, अटक झालेल्याच्या विनंतीवरून आप्त वा मित्रास अटकेची व ठिकाणाची माहिती देण्याचा हक्क मान्य झाला. १८ डिसेंबर १९९६च्या डी. के. बसू निर्णयाने त्याची कार्यपद्धती निश्चित केली. २००५च्या दुरुस्तीने फौजदारी संहितेत कलम ५०अ आले व ते २००६पासून अमलात आले. १ जुलै २०२४पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कलम ४८मध्ये आहे. कलम ३७नुसार अटक झालेल्यांची माहिती प्रत्येक पोलीस ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे प्रदर्शित करावयाची आहे.

आजचा संदर्भ :
शोधाचा क्रम आजही ठाणे, न्यायालय आणि कारागृह असाच आहे. न्यायालयीन कोठडीचा आदेश हा ठावठिकाण्याचा सर्वांत विश्वसनीय कागद होय. दीर्घ शिक्षेचे बंदी जळगाव व धुळ्याच्या जिल्हा कारागृहांतून नाशिकरोडसारख्या मध्यवर्ती कारागृहात जातात आणि अंतर पुन्हा वाढते. 'ई-मुलाकात' या संगणकीय प्रणालीवर भेटीची नोंदणी करता येते. मात्र सातपुड्याच्या पायथ्याशी भिली वा पावरी बोलणाऱ्या मजूर कुटुंबास अर्ज, ओळखपत्र आणि बुडालेला रोज या तिन्ही अडचणी एकाच वेळी येतात.

निष्कर्ष :
कायद्याने भेटीची तरतूद १८९४मध्ये केली, तिला हक्काचे स्वरूप १९८१मध्ये मिळाले आणि ठावठिकाणा कळविण्याचे कर्तव्य संहितेत यावयास २००६ उजाडले. वास्तविक क्रम उलटा असावयास हवा होता. कारण माणूस कोठे आहे हे ठाऊक नसेल तर भेटीचा हक्क निरर्थक ठरतो. पोलीस ठाण्यातील प्रदर्शित यादी नातेवाइकांच्या भाषेत व वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशा रीतीने पोहोचली, तरच हा शतकाहून जुना उलटा क्रम सुलट होईल. धुळे कारागृहाचा इतिहास लिहिताना आतील प्रवचनांइतकीच दरवाजाबाहेर ताटकळलेल्या आप्तांची नोंद घेणे म्हणूनच आवश्यक आहे.