आर्लबर्गची खिंड : बर्फातील सुट्टीच्या बेतामागचा इतिहास

ऑक्टोबर उजाडला की जर्मनी, हॉलंड, इंग्लंड यांसारख्या देशांतील कितीतरी घरांत जेवणाच्या मेजावर एक विषय हमखास निघतो : यंदाची हिवाळी सुट्टी आल्प्समध्ये घालवावयाची ती कोणत्या गावी? उतरावयाचे कोठे, जावयाचे कसे, मुलांना स्कीइंग शिकवणार कोण, बर्फ पुरेसे पडेल ना, आणि जिवाला धोका तर नाही? या प्रश्नांची उत्तरे जुळली, पैशाचा हिशेब बसला, की बेत पक्का होतो.

हे प्रश्न वरकरणी आजचे वाटतात. वस्तुतः आल्प्समधील गावांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सोडवत आणले आहेत, आणि त्यासाठी पुष्कळ सोसलेही आहे. ऑस्ट्रियाच्या पश्चिम भागात टायरोल आणि फोरार्लबर्ग या दोन प्रांतांमधील आर्लबर्गची खिंड याचे उत्तम उदाहरण होय. सुमारे १,८०० मीटर उंचीवरील ही खिंड आणि तिच्या कुशीतील सांक्ट आंटोन, सांक्ट क्रिस्टोफ, त्स्यूर्स, लेख ही गावे आज स्कीइंगसाठी जगभर विख्यात आहेत. तेथे सुट्टीचा बेत आखणाऱ्याच्या मनात जे प्रश्न येतात, तेच आम्ही येथे एकेक करून इतिहासाला विचारणार आहोत.

पहिला प्रश्न उतरण्याचा. त्याचे उत्तर प्रथम दिले ते एका अनाथ गुराख्याने. हाइनरिश फिंडेलकिंड हे त्याचे नाव. ‘फिंडेलकिंड’ म्हणजे सापडलेले मूल. एका जमीनदाराकडे तो डुकरे राखत असे. खिंडीतील बर्फात सापडून मेलेल्या वाटसरूंची प्रेते खाली आणलेली त्याने पाहिली होती. ती पाहून त्याचे मन स्वस्थ बसू देईना. चाकरीतून साठवलेले पंधरा गुल्डन एवढेच त्याचे भांडवल. ड्यूक लिओपोल्ड तिसरा याची अनुज्ञा मिळवून १३८६ साली त्याने खिंडीत वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारली आणि प्रवाशांचे आश्रयदाते संत क्रिस्तोफर यांचे नाव तिला दिले. पुढे या कार्यासाठी एक बंधुसंघ स्थापन झाला. फिंडेलकिंडने दूरदूर हिंडून देणग्या गोळा केल्या, आणि दात्या सरदारांची कुलचिन्हे संघाच्या वहीत रंगवून घेतली. आज सांक्ट क्रिस्टोफ येथे जे उंची हॉटेल उभे आहे, ते याच धर्मशाळेच्या जागी. जुनी वास्तू १९५७ साली आगीत भस्मसात झाली. नंतर ती नव्याने बांधण्यात आली. बंधुसंघ मात्र आजही गरजू कुटुंबांना साहाय्य करीत आहे.

दुसरा प्रश्न, जावयाचे कसे? आज झुरिचहून निघालेली आगगाडी साधारण अडीच तासांत थेट सांक्ट आंटोनच्या स्थानकात येते. ही सोय झाली ती १८८४ साली, दहा किलोमीटरहून अधिक लांबीचा आर्लबर्ग बोगदा खुला झाला तेव्हा. परंतु बोगद्याने प्रवाशांचे जेवढे भले केले, तेवढेच घाटमाथ्याचे नुकसानही केले. गाडीवान, खानावळवाले, घोडी बदलून देणारे, या सर्वांचा रोजगार रुळांबरोबर जमिनीखाली गेला. ज्या डोंगरात शेती जेमतेम आणि हिवाळा अर्ध्या वर्षाचा, तेथे हा घाव लहान नव्हता.

त्या दारिद्र्याची कल्पना यावयाची असेल तर ‘स्वाबियाची मुले’ आठवावी लागतात. टायरोल आणि फोरार्लबर्गमधील गरीब घरांतून दरवर्षी मार्च महिन्यात, संत योसेफ यांच्या सणाच्या सुमारास, हजारो मुलेमुली दक्षिण जर्मनीतील स्वाबियात चाकरीला निघत. कित्येकांचे वय सात-आठ वर्षांचे. बहुधा एखादा धर्मगुरू किंवा वडीलधारा माणूस बरोबर असे. टायरोलच्या मुलांना वाटेत आर्लबर्गची खिंड ओलांडावी लागे, आणि मार्चमध्ये तेथे बर्फ साचलेले असे. राव्हेन्सबुर्गसारख्या गावी बाजार भरे, शेतकरी मुले निवडून घेत, आणि शरद ऋतू सरेपर्यंत ती गुरे राखत. मोबदला म्हणजे अंगभर नवे कपडे आणि थोडी रोकड. घरात खाणारे एक तोंड कमी झाले, हाच आईबापांचा मोठा लाभ. बोगदा झाल्यावर मुलांची पायपीट वाचली. १८९१ साली धर्मगुरूंच्या पुढाकाराने एक संस्था निघून त्यांच्या प्रवासाची आणि कामाच्या करारांची देखरेख होऊ लागली. तथापि ही प्रथा पुरती मोडली ती १९२१ नंतर, परदेशी मुलांनाही शाळा सक्तीची झाली तेव्हा. आज ज्या वाटेने मुले सुट्टीसाठी येतात, त्याच वाटेने त्या गावांची मुले चाकरीसाठी जात होती.

मग ज्या बर्फाने माणसांना घराबाहेर काढले, त्यानेच त्यांना घरी कसे ठेवले? येथे तिसरा प्रश्न येतो, शिकवणार कोण? वार्ट हे सुमारे १,५०० मीटर उंचीवरील लहानसे धर्मग्राम. तेथील धर्मगुरू फादर योहान म्युलर यांच्या वाचनात स्कँडिनेव्हियातील लोक लाकडी फळ्या पायांना बांधून बर्फावरून चालतात, अशी माहिती आली. त्यांनी १८९४-९५ च्या हिवाळ्यात तशी एक जोडी मागवली. लोक हसतील म्हणून त्यांनी पहिले धडे रात्रीच्या अंधारात गिरवले, असे सांगतात. हात बसल्यावर ते त्याच फळ्यांवरून शेजारच्या लेख गावी तेथील धर्मगुरूंच्या भेटीस गेले. हिवाळ्यात एकमेकांपासून तुटलेली गावे जोडण्याचे साधन म्हणूनच या भागात स्की प्रथम आली. खेळ नंतरचा.

तीन जानेवारी १९०१ रोजी सांक्ट क्रिस्टोफच्या त्या धर्मशाळेतच काही मंडळींनी ‘स्की क्लब आर्लबर्ग’ स्थापन केला. १९०७ साली सांक्ट आंटोनच्या एका हॉटेलाने पाहुण्यांना शिकवण्यासाठी एक तरुण नेमला. जवळच्याच श्टूबेन गावचा हा हान्नेस श्नायडर. गुडघे वाकवून, अंग पुढे झुकवून, सोप्याकडून अवघडाकडे जाण्याची जी पद्धत त्याने बसवली, ती ‘आर्लबर्ग पद्धत’ म्हणून जगभर पसरली. शिकणाऱ्यांचे कुवतीनुसार वर्ग पाडण्याची रीतही त्याचीच. गुराख्यांची मुले आता शिक्षक झाली, आणि हिवाळ्यात गावात पैसा येऊ लागला.

बेत आखून देण्याच्या धंद्याचा इतिहासही आपल्याला जवळचा आहे. इंग्लंडमधील मेथडिस्ट मिशनरी डॉक्टर हेन्री लन १८८७ साली भारतात आले. १८८८ साली मद्रास येथे त्यांना पुत्र झाला, तो अर्नल्ड लन. मायदेशी परतल्यावर हेन्री यांनी विभक्त ख्रिस्ती पंथांना एकत्र आणण्यासाठी १८९२ साली स्वित्झर्लंडमधील ग्रिंडेलवाल्ड येथे परिषद भरवली. तिच्यासाठी प्रवासाची व्यवस्था करता करता सहली आखण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. अर्नल्डने १९२२ साली म्यूरेन येथे आधुनिक स्लालम शर्यत सुरू केली, आणि १९२८ साली श्नायडरसह सांक्ट आंटोन येथे ‘आर्लबर्ग-कांदाहार’ शर्यतीचा पाया घातला. कांदाहारचे नाव आले ते अफगाण युद्धात नाव कमावलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांच्यामुळे; त्यांचा जन्म कानपूरचा. अर्नल्ड लन १९३३ साली कॅथलिक झाले.

या मैत्रीची कसोटी लवकरच लागली. मार्च १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि श्नायडरला अटक झाली. त्या वर्षीची शर्यत सांक्ट आंटोन येथेच व्हावयाची होती. लन यांनी निषेध म्हणून ती रद्द केली. श्नायडर पुढे सुटला आणि १९३९ साली अमेरिकेतील नॉर्थ कॉनवे येथे जाऊन स्थायिक झाला. १९५५ साली त्याचे निधन झाले ते तेथेच.

चौथा प्रश्न धोक्याचा. महायुद्धानंतर लिफ्ट आणि रोपवे वाढले, हॉटेले वाढली, पण बर्फ फिंडेलकिंडच्या काळचेच राहिले. २३ फेब्रुवारी १९९९ रोजी आर्लबर्गच्या दक्षिणेस पाझनाउन खोऱ्यातील गाल्ट्यूर गावावर हिमलोट कोसळून ३१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत सुट्टीवर आलेले पाहुणे होते, तसे गावकरीही होते. आता हिमलोटाचा धोका एक ते पाच अशा श्रेणीत दररोज जाहीर होतो. सुट्टीवर जाणाऱ्याने तो सकाळी वाचल्यावाचून आखलेल्या उतारांबाहेर पाऊल टाकू नये. उलटपक्षी, तापमान वाढत चालल्याने कमी उंचीवरील कितीतरी ठिकाणी बर्फच टिकेनासे झाले आहे. तेथील लिफ्ट बंद पडत आहेत, किंवा यंत्राने बर्फ करून हंगाम रेटावा लागत आहे. म्हणून गाव किती उंचीवर, हा प्रश्न आज सर्वांत आधी विचारला जातो.

राहिला एक प्रश्न, जो सहसा कोणी विचारीत नाही. आपण ज्या खोलीत उतरणार, तेथील अंथरूण कोण घालते? आजच्या हॉटेलांत हंगेरी, स्लोव्हाकिया, रुमानिया येथून आलेले कामगार नाताळातही घरापासून दूर राहून राबत असतात. एके काळी येथली मुले परमुलखात चाकरीला जात. आता दुसऱ्यांची माणसे येथे येतात. दूरदेशी कष्ट करणारे भाऊबंद ज्यांच्या घरी आहेत, त्या आमच्या वाचकांना याहून अधिक सांगणे नको.

वार्ट ते लेख हा रस्ता हिमलोटाच्या भीतीने हिवाळ्यात आजही बंद असतो. २०१३ पासून मात्र रोपवेच्या डब्यात बसून काही मिनिटांत ते डोंगर ओलांडता येतात. फादर म्युलर एकटे गेले, ती मजल आता सुट्टीवर आलेली शाळकरी पोरे हसतखेळत मारतात. ज्यांना असा बेत आखता येईल त्यांनी तो अवश्य आखावा, आणि एक दिवस सांक्ट क्रिस्टोफसाठी राखून ठेवावा. पंधरा गुल्डनांवर उघडलेले ते दार कोणासाठी उघडले होते, हे मुलांना तेथे उभे राहून सांगता येईल.