निजामाचे शेवटचे १०९ तास आणि त्यानंतरचं लातूर

१९११ साली हैदराबाद संस्थानच्या गादीवर आलेल्या निजाम मीर उस्मान अली खान यांना सन्मानाने बाजूला होण्याची संधी मिळाली नाही, असं म्हणता येणार नाही. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारताशी ‘जैसे थे’ करार झाला होता. जून १९४८ मध्ये माउंटबॅटन यांच्या मध्यस्थीतून निघालेला मसुदा निजामाने फेटाळला. तोवर राज्याची सूत्रं लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवीच्या हातात गेली होती. त्याचे रझाकार, म्हणजे त्याच्या खासगी सेनेचे सैनिक, गावं लुटत होते. सरहद्दीवरच्या छावण्यांतून स्टेट काँग्रेसची पोरं त्यांच्याशी लढत होती, आणि नांदेडकडे उमरीची सरकारी बँक त्यांनी जानेवारीतच लुटली होती.

सोमवार, १३ सप्टेंबर १९४८, पहाटे ४. उरले १०९ तास. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांचं सैन्य सोलापूरकडून मोगलाईत शिरतं. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल उडवायला निजामाच्या फौजेला सवडच मिळत नाही. पूल शाबूत हाती आल्यामुळे हैदराबादचा रस्ता मोकळा होतो.

सकाळी ९. जळकोट पडतं. तिकडे तुळजापुरात सुमारे दोनशे रझाकार आणि हैदराबादी पायदळाची तुकडी दोन तास झुंजून शस्त्रं टाकते.

दुपारी सव्वातीन. रणगाडे उमरग्यात. लोहाऱ्याकडे निघालेल्या तुकडीला मात्र पुराने थोपवलं आहे.

१४ सप्टेंबर. औरंगाबादचे अधिकारी दुपारी स्वतःहून शरण येतात.

१५ सप्टेंबर. जालन्याहून फौज लातूर आणि मोमिनाबादकडे वळते. मोमिनाबादला गोवळकोंडा लान्सर्स नावापुरता प्रतिकार करतात.

१६ सप्टेंबर. निजामाची तक्रार पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेपुढे येते. इकडे फौज जहीराबादच्या वाटेवर आहे, सुरुंगांमुळे थोडी रखडलेली. निजामाची सारी आशा आता परदेशातल्या एका बैठकीवर आहे.

शुक्रवार, १७ सप्टेंबर, पहाट. बिदर गेलं. सकाळी पंतप्रधान लायक अलींचं मंत्रिमंडळ राजीनामा देतं.

सायंकाळी ५. युद्धबंदी जाहीर होते. निजाम आयुष्यात पहिल्यांदा रेडिओ केंद्रावर जातात. भारताचे प्रतिनिधी कन्हैयालाल मुन्शी यांनी लिहून ठेवलंय की तिथे लाल गालिचा नव्हता आणि निजामांसाठी कुणी उठून उभंही राहिलं नाही. ज्याच्या फर्मानावर सोळा जिल्हे चालत, त्याच्या वाट्याला शेवटी एक मायक्रोफोन आला. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगातून सुटतात.

१८ सप्टेंबर. निजामाचे सेनापती अल इद्रूस चौधरींपुढे शरणागती पत्करतात. दुसऱ्या दिवशी रझवीला अटक होते.

आपल्या बहुतेक पुस्तकांतला घटनाक्रम इथे संपतो. मला तो इथे थांबवता येत नाही, कारण खरा अनर्थ यानंतर घडला, आणि तो राजावर नव्हे, रयतेवर कोसळला. रझाकारांच्या जुलमाचा सूड ज्यांच्यावर उगवला गेला, त्यांतल्या असंख्य माणसांनी कधी रझाकारांचा गणवेशही घातला नव्हता. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वाधिक होरपळलेले जिल्हे ठरवले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या त्या मोठ्या बाजारपेठेत कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली, असं समितीने नोंदवलं. शहरातल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार तिथे उरले होते. हजाराहून अधिक मारले गेले होते, बाकीचे पळाले होते. संपूर्ण संस्थानातल्या मृतांचा समितीचा सावध अंदाज होता २७ ते ४० हजार.

उस्मान अली मात्र १९५० मध्ये राजप्रमुख झाले आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले. १९६७ मध्ये त्यांचं निधन झालं. सुंदरलाल अहवाल लोकांना वाचायला मिळाला २०१३ मध्ये.

येत्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ध्वजवंदनानंतर मुलांना उमरीच्या पोरांची गोष्ट जरूर सांगा. त्याच बैठकीत लातूरच्या त्या वीस दिवसांचीही सांगा.