जुन्या मराठी रहस्यकथा पुन्हा छापणं एवढं अवघड का असतं?

झुंजार, काळापहाड, दारा बुलंद, कॅप्टन दीप. ही नावं ऐकून घरातल्या साठी-सत्तरीच्या माणसाचे डोळे चमकले, तर समजा की त्या घरात कधीकाळी रहस्यकथा भाड्यानं यायच्या.

एके काळी महाराष्ट्रात गल्लोगल्लीच्या वाचनालयांत, रेल्वे स्टेशनवर आणि एसटी स्टँडवर या छोट्या कादंबऱ्यांचा खच पडलेला असायचा. आज त्यातल्या बहुतेक पुस्तकांची एक धड प्रत शोधायची म्हटली तरी घाम फुटतो. काही प्रकाशक मात्र ही पुस्तकं पुन्हा बाजारात आणत आहेत. हे काम नेमकं कसं चालतं, त्यात अडचणी कुठे येतात आणि घाई कशाची आहे, ते समजून घेऊ.

'पल्प' म्हणजे काय?

पल्प म्हणजे लाकडाचा लगदा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अशा लगद्याच्या हलक्या, खरखरीत कागदावर स्वस्त कथामासिकं छापली जायची. गुन्हे, भुतं, साहस, प्रेम असा सगळा मसाला त्यात असे. कागदावरून त्या लेखनालाच 'पल्प फिक्शन' हे नाव पडलं.

मराठीत हा शब्द फारसा वापरला गेला नाही. आपल्याकडे या पुस्तकांना सरळ 'रहस्यकथा' किंवा 'डिटेक्टिव्ह कादंबऱ्या' म्हणत. पण व्यवहार तोच होता. न्यूजप्रिंटसारखा कागद, भडक मुखपृष्ठ, खिशाला परवडणारी किंमत आणि दर महिन्याला नवं पुस्तक. अनेक वाचक ती विकत घेतही नसत. वाचनालयातून दिवसाच्या भाड्यानं आणायची, रात्रीत संपवायची आणि सकाळी परत करायची, असा शिरस्ता होता. त्यामुळे एकेक प्रत शेकडो हातांतून फिरायची.

मराठीत ही पुस्तकं कोणी लिहिली?

सुरुवात बरीच मागे जाते. गो. ना. दातार (१८७३–१९४१) यांनी जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्या मराठी मातीत रुजवल्या आणि 'कालिकामूर्ती'सारखी पुस्तकं दिली. रहस्यकथेला घराघरांत नेलं ते मात्र बाबूराव अर्नाळकरांनी.

अर्नाळकर (१९०६–१९९६) यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. मुंबईत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा आहेत. झुंजार आणि त्याची पत्नी विजया, काळापहाड, धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू ही त्यांची पात्रं. एका लेखकाची इतकी पात्रं इतक्या घरांत ओळखीची असणं मराठीत विरळाच.

त्यांच्यानंतर मूळचे गोव्याचे गुरुनाथ नाईक आले. त्यांच्याही कादंबऱ्यांची संख्या हजारावर जाते. कॅप्टन दीप हा त्यांचा गाजलेला नायक. २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, वकील अमर विश्वास अशी पात्रं उभी केली. नारायण धारप (१९२५–२००८) यांचा प्रांत भयकथेचा, पण त्यांचा वाचक आणि वाचनालयातलं कपाट साधारण तेच.

मग ही पुस्तकं हरवली कशी?

पहिलं कारण कागद. हलक्या कागदात लिग्निन नावाचा घटक राहतो. हवा आणि उजेड लागला की असा कागद पिवळा पडतो, आम्लामुळे ठिसूळ होतो आणि शेवटी बोट लावलं तरी तुटतो. त्यात शेकडो हातांतून फिरलेली, पिनांनी ठोकलेली, पुठ्ठा चढवलेली प्रत. ती पन्नास वर्षं टिकली तर नवलच.

दुसरं कारण टीव्ही. घरोघरी टीव्ही आला आणि भाड्यानं पुस्तकं देणारी छोटी वाचनालयं एकेक करून बंद पडली. त्यांचा माल रद्दीत गेला.

तिसरं कारण प्रतिष्ठा. हे लेखन 'साहित्य' मानलं जात नव्हतं. समीक्षकांनी त्याची दखल क्वचितच घेतली आणि घरोघरी ही पुस्तकं अभ्यासाच्या वहीत लपवूनच वाचली गेली. जे जपण्यासारखं वाटत नाही, त्याची नीट यादीही होत नाही. १९५४ च्या कायद्यानुसार भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी काही ठरावीक ग्रंथालयांना पाठवणं प्रकाशकावर बंधनकारक आहे. पण अशी प्रत खरंच पोहोचली का, हे प्रत्येक पुस्तकागणिक शोधावं लागतं.

पुन्हा छापण्याची सुरुवात कुठे झाली?

अमेरिकेत बॅरी गिफर्ड यांनी १९८४ मध्ये 'ब्लॅक लिझर्ड' ही छोटी प्रकाशनसंस्था काढून जिम थॉम्पसनसारख्या विस्मृतीत गेलेल्या लेखकांना परत आणलं. २००४ मध्ये न्यूयॉर्कला 'हार्ड केस क्राइम' सुरू झालं. जुन्या धाटणीची रंगवलेली मुखपृष्ठं ही त्यांची ओळख. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीनं तर आपल्याच साठ्यातल्या जुन्या गुन्हेकथांची मालिका काढली. १९३७ ची 'मिस्टरी इन व्हाइट' ही कादंबरी २०१४ च्या नाताळात पुन्हा छापली आणि ती तडाखेबंद खपली.

भारतातलं ठळक उदाहरण चेन्नईचं. 'ब्लाफ्ट' या छोट्या प्रकाशनानं २००८ मध्ये तमिळ पल्प कथांचा इंग्रजी संग्रह काढला. अनुवाद प्रीतम चक्रवर्ती यांचा होता. तमिळनाडूत चहाच्या टपरीवर लटकणाऱ्या पुस्तकांचे लेखक त्यामुळे देशभरच्या इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचले. पुढे ब्लाफ्टनं सुरेंद्र मोहन पाठक यांची हिंदी आणि इब्ने सफी यांची उर्दू पुस्तकंही इंग्रजीत आणली.

मराठीत हे काम बहुतेक जुन्या-जाणत्या प्रकाशकांनी केलं. पुण्याच्या राजहंस प्रकाशनानं सतीश भावे यांनी निवडलेल्या अर्नाळकरांच्या रहस्यकथा काढल्या. धारपांची पुस्तकं औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) साकेत प्रकाशनानं नव्या रूपात आणली. कधी सिनेमाही मदतीला येतो. शिरवळकरांच्या 'दुनियादारी'वर २०१३ मध्ये चित्रपट आला आणि एक नवी पिढी त्यांच्या पुस्तकांकडे वळली. २०१८ च्या 'तुंबाड'नंतर धारपांचं नाव सोशल मीडियावर पुन्हा फिरू लागलं. त्या चित्रपटाच्या मुळाशी धारपांची एक कथा होती.

पुन्हा छापताना प्रकाशकाला काय काय करावं लागतं?

१. प्रत मिळवणं. लेखकाच्या घरीही सगळी पुस्तकं असतातच असं नाही. मग रद्दीवाले, जुन्या पुस्तकांचे विक्रेते आणि हौशी संग्राहक यांच्या दारी जावं लागतं. मिळालेल्या प्रतीत नेमकं शेवटचं पान नसेल, तर खुनी कोण हेच कळत नाही. मग दुसरी प्रत शोधा.

२. निवड करणं. हजार पुस्तकं लिहिणाऱ्याची सगळीच चांगली असणार नाहीत. काहींत तेच कथानक नावं बदलून येतं, काही इंग्रजी कादंबऱ्यांवर बेतलेली असतात. चाळीस-पन्नास निवडायची तरी आधी शेकडो वाचावी लागतात. हे काम पगारी माणसापेक्षा त्या लेखकाचा वेडा वाचकच नीट करू शकतो.

३. मजकूर पुन्हा टाइप करणं. ही पुस्तकं शिशाच्या खिळ्यांनी जुळवून छापलेली. अक्षरं तुटकी, शाई फाकलेली. स्कॅन करून संगणकाकडून वाचून घेतलं तरी चुकांचा पाऊस पडतो. त्यात १९६२ मध्ये मराठी शुद्धलेखनाचे नियम बदलले. त्याआधीच्या पुस्तकांत 'कांहीं', 'नाहीं', 'तें' असे अनुस्वार दिसतात. ते ठेवायचे की काढायचे, हे संपादकाला ठरवावं लागतं.

४. मुखपृष्ठ. रघुवीर मुळगावकरांसारख्या नामवंत चित्रकारानं अर्नाळकरांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं रंगवली होती. पण चित्राचा हक्क मजकुरापेक्षा वेगळा असतो. तो चित्रकाराच्या वारसांकडे की पैसे देऊन चित्र काढून घेणाऱ्या प्रकाशकाकडे, याचा निकाल त्या वेळच्या व्यवहारावर लागतो. म्हणून नव्या आवृत्तीत अनेकदा नवं चित्र दिसतं.

५. जुने पूर्वग्रह. बाई म्हणजे एक तर अबला नाही तर विषकन्या, खलनायक म्हणजे ठरावीक समाजाचा. असे साचे या पुस्तकांत जागोजागी आहेत. ते गाळले तर पुस्तक खोटं ठरतं, जसेच्या तसे ठेवले तर खटकतात. मजकूर तसाच ठेवून प्रस्तावनेत काळाचा संदर्भ देणं, हा त्यातला प्रामाणिक मार्ग.

६. छपाईचं गणित. मूळ पुस्तक स्वस्त होतं, कारण प्रती मोठ्या संख्येनं निघायच्या आणि राज्यभरची वाचनालयं त्या उचलायची. आज तेवढं गिऱ्हाईक नाही. नवी मुंबईत पावणे-महापेसारख्या औद्योगिक पट्ट्यात आज यंत्रसज्ज छापखाने आहेत. ऑफसेट यंत्रावर प्लेट बनवण्याचा खर्च सुरुवातीलाच होतो, म्हणून हजारांत छापलं तरच प्रत स्वस्त पडते. डिजिटल यंत्रावर शंभर-दोनशे प्रतीही काढता येतात. त्यात प्रत थोडी महाग पडते, पण माल गोदामात पडून राहत नाही. छोट्या प्रकाशकाला हे काम आवाक्यात आलं ते यामुळेच. त्याचा एक परिणाम मात्र असा, की गरिबाचं म्हणून जन्मलेलं पुस्तक आता हौशी वाचकाचं झालं आहे.

आणि हक्कांचं काय?

खरी मेख इथे आहे. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षापासून मोजून, ६० वर्षं हक्क टिकतो. १९९२ पूर्वी ही मुदत ५० वर्षं होती. त्यानुसार हिशोब असा:

- गो. ना. दातार: मुदत संपली, कोणीही छापू शकतं
- बाबूराव अर्नाळकर: २०५६ अखेरपर्यंत
- सुहास शिरवळकर: २०६३ अखेरपर्यंत
- नारायण धारप: २०६८ अखेरपर्यंत
- गुरुनाथ नाईक: २०८१ अखेरपर्यंत

टोपणनावानं लिहिलेल्या आणि लेखकाची ओळख कधीच उघड न झालेल्या पुस्तकाला वेगळा नियम आहे. तिथे प्रसिद्धीच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. म्हणजे १९६० मध्ये आलेलं असं पुस्तक २०२१ पासून मुक्त झालं.

पण हक्क 'आहे' हे कळून भागत नाही, तो कोणाकडे आहे हे कळावं लागतं. त्या काळी हस्तलिखित एकरकमी विकून टाकण्याची पद्धत होती. कागदपत्रं नाहीत, प्रकाशन बंद पडलेलं, वारस चार ठिकाणी विखुरलेले. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरावी, असं आजचा कायदा सांगतो. मात्र ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीनं आली आणि त्याआधीच्या करारांना ती लागू नाही. म्हणजे रहस्यकथांच्या ऐन भरातले करार तिच्या बाहेरच राहतात.

एक वाट आहे. कायद्याच्या कलम ३१-अ नुसार, पुस्तक लोकांना मिळत नसेल आणि लेखक हयात नसेल किंवा हक्कधारक सापडत नसेल, तर छापण्याचा परवाना मागता येतो. त्यासाठी आधी वर्तमानपत्रांत जाहीर सूचना द्यावी लागते, मग अर्ज, शुल्क आणि वाट पाहणं. पाचशे प्रती काढणाऱ्या प्रकाशकाला हे सगळं झेपत नाही. म्हणून पुन्हा छापून येतात ती मुख्यतः ज्यांचे वारस सापडतात आणि सहकार्य करतात अशाच लेखकांची पुस्तकं. बाकीचे कितीही गाजलेले असोत, मागे राहतात.

मग घाई कशाची?

वरच्या यादीतलं अर्नाळकरांचं साल पुन्हा बघा: २०५६. १९५०-६० च्या दशकात हलक्या कागदावर छापलेली प्रत तोवर शंभरीला टेकलेली असेल. सगळे हक्क मोकळे होईपर्यंत थांबायचं ठरवलं, तर तेव्हा छापायला मूळ प्रतच उरलेली नसेल. म्हणून छपाईची वेळ येईल तेव्हा येवो, प्रती सांभाळणं आणि त्यांची यादी करणं हे आजचं काम आहे.

यात वाचकही हातभार लावू शकतो.

- माळ्यावर जुनी रहस्यकथा सापडली तर तिला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेट करू नका. डिंकाचे डाग कागदाला आणखी खातात. कोरड्या जागी, उन्हापासून दूर, आडवी ठेवा.
- मुखपृष्ठाचा आणि प्रकाशकाचं नाव, साल, किंमत असलेल्या पानाचा फोटो काढून ठेवा. अनेक पुस्तकांबाबत एवढी नोंदही कुठे मिळत नाही.
- रद्दीत देण्याआधी जवळच्या जुन्या ग्रंथालयाला विचारा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) या अशाच पुस्तकांवरच्या प्रेमातून उभ्या राहिलेल्या संस्था आहेत.
- आख्खं पुस्तक स्कॅन करून ग्रुपवर टाकू नका. हक्काची मुदत शिल्लक असताना ते बेकायदा आहेच, शिवाय नवी आवृत्ती काढणाऱ्याचं आधीच थोडं असलेलं गिऱ्हाईक त्यामुळे आणखी घटतं.
- तुमच्या घरात अशा लेखकाचा वारसा असेल, तर जुने करार, पत्रं, पावत्या जपून ठेवा. पुस्तक पुन्हा छापता येईल की नाही, हे त्या एका कागदावर ठरू शकतं.