कॅन्टिलिव्हर सज्जा

कॅन्टिलिव्हर सज्जा म्हणजे एका कडेने इमारतीत पक्का धरलेला व दुसऱ्या कडेस कोणताही आधार नसलेला सलोह काँक्रीटचा स्लॅब होय. बाल्कनी, खिडकीवरील छज्जा व प्रवेशद्वारावरील छत ही त्याची नेहमीची रूपे आहेत. खोलीच्या स्लॅबला दोन किंवा अधिक बाजूंनी आधार असतो. सज्जा मात्र एकाच कडेवर अवलंबून असल्याने त्याच्या संकल्पनात व बांधकामात विशेष काळजी घ्यावी लागते.

कार्यपद्धती
दोन टोकांना टेकलेला स्लॅब भाराखाली मध्यभागी खाली झुकतो व त्याच्या तळाशी ताण निर्माण होतो. सज्जाचे मोकळे टोक खाली झुकते, त्यामुळे ताण वरच्या पृष्ठभागाशी येतो आणि आधाराजवळ तो सर्वाधिक असतो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण फारसा सोसत नाही. म्हणून सज्जाच्या मुख्य सळया वरच्या बाजूस असणे अनिवार्य ठरते.

तितकीच लांबी व तितकाच समान पसरलेला भार असताना सज्जाच्या आधाराशी येणारे नमन परिबल दोन टोकांना टेकलेल्या स्लॅबच्या चौपट असते, तर त्याच जाडीला टोकाचे झुकणे सुमारे साडेनऊ पट असते.

संकल्पनातील निकष
भारतीय मानक ४५६ (२०००) नुसार लांबी व परिणामी खोली यांचे मूळ गुणोत्तर साध्या आधाराच्या स्लॅबसाठी २०, तर कॅन्टिलिव्हरसाठी ७ आहे. पोलादाच्या प्रमाणानुसार त्यात फेरफार केला जातो. निवासी इमारतींत खोल्यांसाठी चल भार दर चौ.मी.ला २ किलोन्यूटन, तर बाल्कनीसाठी ३ किलोन्यूटन धरतात.

सळई आधारापलीकडे पुरेशी आत नेली नाही, तर ती काँक्रीटमधून सुटून येऊ शकते. एम २० काँक्रीट व एफई ४१५ पोलाद असल्यास ही लांबी व्यासाच्या सुमारे ४७ पट, म्हणजे १० मिमी सळईसाठी सुमारे ४७० मिमी लागते. संपूर्ण सज्जा उलटू नये यासाठी मागील बाजूस पुरेसे वजनही आवश्यक असते. ते मोजताना स्थिर भाराचा ०.९ पटच हिशेबात घेतात.

बांधकामातील चुका
सर्वांत घातक चूक म्हणजे वरच्या सळया तळाशी बसवणे. तशा सज्जात ताण घेणारे पोलादच उरत नाही आणि सेंटरिंग काढताच तो कोसळू शकतो. काँक्रीट ओतताना कामगारांच्या पायांखाली सळया दबणे ही अधिक वारंवार घडणारी चूक आहे. १५० मिमी जाडीच्या स्लॅबमध्ये ३० मिमी आच्छादन व १० मिमी सळई असता परिणामी खोली ११५ मिमी येते. सळई ३५ मिमी खाली दबल्यास ती ८० मिमी उरते आणि सज्जाची क्षमता सुमारे ३० टक्क्यांनी घटते. काँक्रीट झाल्यावर हा दोष बाहेरून दिसत नाही. त्यामुळे सळयांखाली ‘चेअर’ ठेवणे आणि काँक्रीटपूर्वी तपासणी करणे आवश्यक असते.

टेकू मोकळ्या टोकाकडून आधाराकडे या क्रमाने काढतात. दरवाजा-खिडकीवरील छज्जाच्या बाबतीत वरची भिंत पुरेशी उभी राहीपर्यंत टेकू ठेवले जातात.

वापर व देखभाल
बाल्कनी बंद करून खोलीत घेतल्यास बाहेरच्या कडेवर भिंतीचा भार येतो. टोकावरील भार तेवढ्याच पसरलेल्या भाराच्या दुप्पट नमन परिबल निर्माण करतो, म्हणून असा बदल संरचना अभियंत्याच्या तपासणीशिवाय करू नये. सज्जाच्या वरच्या पृष्ठभागावर पाणी साचल्यास ते भेगांतून थेट मुख्य सळयांपर्यंत पोहोचते. कोकण किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत गंजण्याची क्रिया अधिक वेगाने होते. त्यामुळे बाहेरच्या बाजूस योग्य उतार, जलरोधक थर आणि आधाराजवळ भिंतीला समांतर जाणाऱ्या भेगांवर लक्ष ठेवणे महत्त्वाचे असते.