नकाशा, अहवाल आणि तीन मिनिटं

गेल्या महिन्यात आयुष्यात पहिल्यांदा सरकारदरबारी तोंड उघडलं. झालं असं की आमच्या टीमला क्रिकेट खेळायला मैदान नाही. बॉस्टनजवळच्या ज्या छोट्या गावात मी राहतो तिथे बेसबॉलची मैदानं आहेत, सॉकरची आहेत, कुत्र्यांना मोकळं सोडायलासुद्धा कुंपण घातलेली जागा आहे. आम्ही मात्र दर शनिवारी टेनिस बॉल आणि प्लॅस्टिकचे स्टंप घेऊन कुठे कोणी हाकलत नाही ते शोधत फिरतो. कोणीतरी म्हणालं, गावाचं पार्क कमिशन असतं, तिथे जाऊन बोला. टीममध्ये 'बोलतो बरा' अशी माझी (खोटी) ख्याती असल्याने मला पुढे केलं.

बुधवारी संध्याकाळी गावाच्या लायब्ररीच्या तळघरात सात माणसं लांबट टेबलाशी बसलेली. कोणालाही पगार नाही. एक निवृत्त शिक्षिका, एक दातांचा डॉक्टर, असे. हे कमिशन फक्त सल्ला देतं, निर्णय गावाचं मंडळ घेतं, हे तिथे गेल्यावर कळलं. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं, आणि समोर चक्क टाइमर. मी भावनेला हात घातला. पोरं किती लांबून येतात, खेळ कसा सगळ्यांना जोडतो वगैरे. संपल्यावर त्या शिक्षिकाबाईंनी शांतपणे विचारलं, "कुठली जागा? किती लोक? आठवड्यातले किती तास? नकाशा आणलाय का?"

नव्हता. पुढच्या बैठकीला या म्हणाल्या.

घरी येताना वैताग आला होता. नुसता सल्ला देणाऱ्या कमिटीसमोर एवढी उठाठेव कशाला? पण मग वीकेंडला, नेहमीच्या खोडीप्रमाणे, 'ही कमिशनं आली कुठून' हे वाचत बसलो. त्यातून जे सापडलं ते आजच्या पोस्टचा विषय.

गोष्ट १८९० ची आहे. बॉस्टनची लोकसंख्या तेव्हा साडेचार लाखांच्या आसपास होती आणि शहर चहूबाजूंनी फुगत चाललं होतं. शहराकडे स्वतःचं पार्क कमिशन १८७५ पासून होतं आणि फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड, म्हणजे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कवाला, तो बॉस्टनभोवती बागांची प्रसिद्ध माळ गुंफत होता. पण ती माळ बॉस्टनच्या हद्दीत. हद्दीपलीकडे तीनेक डझन छोटी शहरं आणि गावं, प्रत्येकाचा कारभार वेगळा. डोंगर अर्धा या गावात, अर्धा त्या गावात. नदी तर पाच-सहा जणांची, म्हणजेच कोणाचीच नाही. प्रत्येक गाव म्हणणार, आम्ही पैसे घालून बाग करायची आणि शेजारच्या गावाने फुकट फिरायचं? त्यापेक्षा नकोच. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. जो मोड्यूल सगळे वापरतात, तो मेंटेन कोणीच करत नाही :)

अशात चार्ल्स एलियट नावाचा तिशीतला एक तरुण लँडस्केप आर्किटेक्ट पुढे आला. वडील हार्वर्डचे अध्यक्ष, स्वतः ओल्मस्टेडच्या हाताखाली शिकलेला. बॉस्टनच्या पश्चिमेला वेव्हर्ली नावाच्या ठिकाणी जुन्या ओक वृक्षांची एक राई होती. ती जाईल की राहील अशी स्थिती. मार्च १८९० मध्ये एलियटने एका बागकामाच्या साप्ताहिकाला पत्र लिहिलं. त्याचा मुद्दा साधा होता. सार्वजनिक वाचनालय पुस्तकं सांभाळतं, संग्रहालय चित्रं सांभाळतं, मग सुंदर जमिनीचे तुकडे लोकांसाठी सांभाळणारी संस्था का नको? अशी संस्था १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाच्या कायद्याने झालीसुद्धा. ब्रिटनमध्ये १८९५ साली नॅशनल ट्रस्ट निघाला तेव्हा त्यांच्यासमोर हा नमुना होता.

पण एलियटला लवकरच दिसलं की देणग्यांवर तुकडे वाचतील, डोंगर आणि नदी वाचणार नाही. त्याला सरकार लागेल, आणि तेही एका गावाचं नाही, सगळ्यांच्या वरचं. म्हणून त्याने आजूबाजूच्या गावांच्या पार्क कमिटीवाल्यांना एकत्र बोलावलं आणि विधिमंडळाकडे अर्ज गेला. जून १८९२ मध्ये एक तात्पुरतं कमिशन नेमलं गेलं. काम काय? पाहणी करा आणि अहवाल द्या. बस्स. एक इंच जमीन घ्यायचा अधिकार नाही. म्हणजे आमच्या तळघरातल्या सात जणांचे पणजोबाच म्हणा ना.

या कमिशनचा अध्यक्ष होता चार्ल्स फ्रान्सिस अ‍ॅडम्स. खापरपणजोबा... नाही, चुकलो, पणजोबा आणि आजोबा दोघंही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. पण मला त्याच्या घराण्यापेक्षा त्याचा आधीचा अनुभव महत्त्वाचा वाटतो. १८६९ पासून दहा वर्षं तो मॅसॅच्युसेट्सच्या रेल्वे कमिशनवर होता, आणि त्या कमिशनलाही हुकूम सोडायचे अधिकार जवळपास नव्हते. त्याने काय केलं? रेल्वे कंपन्यांचे हिशेब आणि अपघातांची चौकशी व्यवस्थित लिहून लोकांसमोर ठेवली. लोकलाजेने कंपन्या बऱ्याचदा वठणीवर यायच्या. नुसता सल्ला देणाऱ्याची ताकद त्याच्या कागदात असते, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

सेक्रेटरी म्हणून पत्रकार सिल्व्हेस्टर बॅक्स्टर. सगळ्या गावांनी मिळून 'ग्रेटर बॉस्टन' म्हणून विचार करावा अशी पुस्तिका त्याने आदल्याच वर्षी काढली होती. आणि जमिनीच्या पाहणीला एलियट. ही मंडळी समुद्रकाठ, टेकड्या, दलदली पालथ्या घालत फिरली आणि १८९३ च्या सुरुवातीला अहवाल आला.

अहवालाची मांडणी मला फार आवडली. एलियट 'निसर्ग किती सुंदर' असं म्हणून थांबत नाही. अशा महानगराला कोणत्या प्रकारच्या जागा लागतात याची तो पाच कलमी यादी करतो. उघड्या समुद्राचा किनारा. खाडीतली बेटं आणि काठ. भरती-ओहोटीच्या नद्यांचे काठ. शहराच्या कडेला दोन-तीन मोठी जंगलं. आणि दाट वस्तीच्या मधोमध भरपूर छोटे चौक, मैदानं, बागा. मग यातल्या पहिल्या चार प्रकारच्या जागा नेमक्या कुठे आहेत ते नकाशावर. पाचवा प्रकार ज्याने त्याने आपापल्या गावात करावा. (हे पाचवं कलम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

पैशाचं काय? त्याचं उत्तर गटारात सापडलं होतं! सांडपाणी हद्द मानत नाही म्हणून १८८९ मध्येच या भागासाठी एक सामाईक मलनिःसारण कमिशन झालं होतं. सांडपाण्यासाठी गावं एकत्र येतात तर टेकड्यांसाठी का नाही? जून १८९३ मध्ये कायदा झाला. कायमस्वरूपी मेट्रोपॉलिटन पार्क कमिशन, जमीन सक्तीने संपादन करायचा अधिकार, आणि सुरुवातीला दहा लाख डॉलर. कर्ज राज्याने काढायचं, फेड गावांनी करायची, आणि कोणी किती भरायचे ते कोर्टाने नेमलेले लोक ठरवणार. म्हणजे भांडणाला जागाच नाही (कमी तरी).

पुढचा वेग बघून मी थक्क झालो. वेव्हर्लीचे ओक त्याच वर्षी ताब्यात. ब्लू हिल्सच्या टेकड्या आल्या, पाठोपाठ मिडलसेक्स फेल्सचं जंगल. १८९५ मध्ये रिव्हियरचा समुद्रकिनारा, जिथे वाळूच्या कडेने चक्क रेल्वे धावत होती आणि खोपटांची रांग होती. रूळ मागे हटवले, किनारा मोकळा केला आणि जुलै १८९६ मध्ये तो सगळ्यांना खुला झाला. अमेरिकेतला पहिला सार्वजनिक समुद्रकिनारा म्हणून तो ओळखला जातो. १९०० पर्यंत नऊ हजार एकरांहून जास्त जागा लोकांच्या नावावर झाली होती.

एलियटला यातलं फार थोडं बघायला मिळालं. मार्च १८९७ मध्ये मेंदूज्वरासारख्या आजाराने तो गेला. वय ३७. त्याच्या वडिलांनी त्याचे कागद, पत्रं, अहवाल गोळा करून १९०२ मध्ये मुलाचं जाडजूड चरित्र काढलं. एका बापाने अख्खं विद्यापीठ सांभाळत मुलाच्या जंगलांचे अहवाल लावत बसावं, हे वाचून मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ नुसताच बसलो.

इथे पोस्ट संपवली असती तर छान गोड झालं असतं. पण गोष्ट पुढे बिघडते.

१८९३ ला मोठी मंदी आली. लोकांना काम द्यायचं म्हणून १८९४ मध्ये या कमिशनला रस्ते बांधायचा अधिकार आणि पैसा मिळाला. बागेकडे जाणारे, झाडांमधले, घोडागाडीने रमतगमत जायचे रस्ते. कल्पना चांगलीच होती. पण पुढे मोटारी आल्या. १९१९ मध्ये पार्क कमिशन आणि पाणी-सांडपाण्याचं मंडळ एकत्र करून एकच मोठं खातं केलं गेलं, आणि बागा सांभाळणारे हात रस्तेही बांधत राहिले.

सगळ्यात वाईट चार्ल्स नदीच्या काठी झालं. तिथे १८८९ मध्ये शहराने ओल्मस्टेडकडून चार्ल्सबँक नावाची बाग करून घेतली होती, पलीकडच्या दाट वस्तीतल्या गरिबांसाठी. पुरुषांसाठी उघड्यावरची व्यायामशाळा, १८९१ मध्ये बायका-मुलांसाठी वेगळी. एलियटच्या यादीतलं पाचवं कलम अगदी जसंच्या तसं! ओहोटीला नदीतला गाळ उघडा पडून घाण वास यायचा, म्हणून जेम्स स्टोरो या गृहस्थाने धरणासाठी जिवाचं रान केलं. १९१० मध्ये धरण झालं, नदी तळ्यासारखी शांत झाली. तो गेल्यावर त्याच्या बायकोने, हेलन स्टोरोने, काठाची बाग वाढवायला दहा लाख डॉलर दिले. तेव्हाही तिथून रस्ता काढायची टूम निघाली होती. तिचा विरोध होता, बेत बारगळला. १९४४ मध्ये ती गेली. १९४९ मध्ये विधिमंडळाने रस्ता मंजूर केला आणि १९५१ मध्ये तो सुरू झाला. नाव काय दिलं असेल? स्टोरो ड्राइव्ह.

मी रोज त्याच रस्त्याने ऑफिसला जातो. दर १ सप्टेंबरला घरं बदलणाऱ्यांचे उंच ट्रक तिथल्या बुटक्या पुलांना अडकतात आणि सगळा गाव हसतो. मीही हसायचो. आता त्या नावाची पाटी दिसली की हसू येत नाही.

मग निष्कर्ष काय? मला दोन गोष्टी वाटतात. एक म्हणजे सल्ला देणाऱ्यांना हलकं समजू नये. १८९२ च्या त्या कमिशनकडे काहीच नव्हतं. पण जागा कुठली, खर्च कोणाचा, आणि न केल्यास काय जाईल, ही तिन्ही उत्तरं त्यांनी कागदावर तयार ठेवली, म्हणून विधिमंडळाला पाचच महिन्यांत कायदा करता आला. दुसरी म्हणजे, एकदा वाचवलेली जागा कायमची वाचत नाही. ब्लू हिल्सवर आजही सात हजार एकरांच्या आसपास जंगल आहे, ते आपोआप राहिलेलं नाही. दर पिढीत कोणीतरी कंटाळवाण्या बैठकीला जाऊन बसलेलं असतं. ज्या वर्षी कोणी बसत नाही, किंवा बसणाऱ्यांचं ऐकलं जात नाही, त्या वर्षी रस्ता होतो. आणि पहिला घाव बहुतेक वेळा पाचव्या कलमावर पडतो, गरीब वस्तीजवळच्या छोट्या जागेवर.

मी लहानपणी पुण्यात ज्या टेकडीवर आजोबांबरोबर जायचो, ती कोणी राखली हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही. टेकडी ती, असायचीच, असं वाटायचं. आता फोनवर बाबांना विचारलं तर म्हणाले, "अरे, किती सह्या गोळा केल्या होत्या आम्ही. तू दुसरीत होतास." मला काहीच आठवत नाही.

असो. रविवारी टीमला घेऊन बसलो. कोण कुठून येतं, किती जण, किती तास, सगळं एक्सेलमध्ये भरलं. गावातल्या एका जुन्या सॉकर मैदानाची सकाळी सातला जाऊन मोजणी केली. शनिवारी दुपारनंतर ते रिकामं असतं, हे तीन आठवडे जाऊन पाहिलं. पिच कुठे, बॉल कुठे जाईल, कडेच्या घरांपासून अंतर किती, असा नकाशाही काढला. माझं ड्रॉइंग बघून इंजिनिअरिंगच्या सरांना हुंदका फुटला असता, पण मापं बरोबर आहेत.

पुढची बैठक येत्या बुधवारी. तीन मिनिटं. या वेळी भावना शेवटच्या तीस सेकंदांत, वेळ उरला तर. काय होतं ते कळवेनच.